चौथीतल्या पोराचे दप्तर उघडा!

शेतकरी बंधूंनो, नदीवर आणि दर्यावर जाळे टाकणाऱ्या भावांनो, आणि घरचा गाडा ओढणाऱ्या बहिणींनो,

आज रात्री जेवणे आटोपली की एक काम करा. चौथीत शिकणाऱ्या तुमच्या पोराचे दप्तर पुढ्यात घ्या आणि एकेक वही बाहेर काढा. आम्हाला कुठे वाचता येते, असे म्हणू नका. ज्यांना येत नाही त्यांनी पोराकडून वाचून घ्यावे. पोर वाचील, तुम्ही ऐका. त्या दप्तराचे ओझे पोराच्या पाठीवर तुम्ही रोज बघता. आत काय आहे ते कधी बघितलेत का, एवढाच आजचा आमचा सवाल आहे.

आम्हीही बघितले नव्हते, हे आधी कबूल करतो. मराठीचे नाव घेऊन आम्ही सगळे पुष्कळ ओरडलो. 16 जानेवारी 1967 रोजी फुलावर शिक्के मारले आणि 34,021 मतांनी हरलो. 1987 साली राजभाषेचा कायदा झाला तेव्हा ओरडलो. 1990 साली सरकारने मातृभाषेच्या प्राथमिक शाळांनाच अनुदान देण्याचे ठरविले तेव्हा आनंदाने ओरडलो, आणि 2011 साली तेच अनुदान इंग्रजी शाळांना उघडे झाले तेव्हा संतापाने ओरडलो. सभा झाल्या, ठराव झाले. पण सकाळी शाळेची घंटा झाल्यावर त्या चार भिंतींत पोरांच्या पदरात काय पडते, हे बघायला आमच्यापैकी किती जण शाळेची पायरी चढले? बोटांवर मोजण्याइतके. आम्ही शाळेच्या पाटीसाठी भांडलो, पाटीवर काय लिहिले जाते ते विचारलेच नाही!

आता आमोण्याचेच घ्या. वेताळाचे हे गाव. अंगाला मांडवी लागून, पलीकडे खांडोळे, मध्ये पूल. दिवसातून दोनदा भरतीचे पाणी इथवर चढते आणि दोनदा उतरते. नदीतून खनिजाच्या बार्जी जाताना पोर बघते. कच्च्या लोखंडाचा कारखाना गावातच आहे. शेत आहे, बांध आहे, पाण्यात काळुंदर आहे, शेवटे आहेत. शाळेला जाताना पोर जे बघत जाते ते सगळे घेऊन एक आख्खी प्राथमिक शाळा चालवता येईल. पण पोर शाळेत पोचले की हे सगळे दाराबाहेर राहते, चपलांच्या शेजारी. पाठ्यपुस्तक अवघ्या गोव्यासाठी एकच. त्यात आमोणे कुठून येणार? ते मास्तरने आणायचे आणि तुम्ही आणायचे. ते येते आहे का, हे बघण्यासाठी दप्तर उघडायचे.

गणिताच्या वहीपासून सुरू करू. अपूर्णांकाचे पान काढा. एक गोल असेल, त्याचे चार भाग असतील, तीन रंगवलेले असतील. विचारा, हे काय? पोर म्हणेल, तीन छेद चार. बरोबर. आता विचारा, याचे करायचे काय? पोर तुमच्याकडे बघत राहील आणि तुम्ही पोराकडे.

पोर्तुगिजांच्या अमदानीत नव्या काबिजादीतल्या गावांत मराठी शाळा भरायची ती कुठे देवळाच्या मंडपात, कुठे कुणाच्या ओसरीवर. तिथे पोरांकडून पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी पाठ करून घेत. चार पाऊण तीन, आठ पाऊण सहा, बारा पाऊण नऊ. पुढे शिकलेल्या लोकांनी तिला घोकंपट्टी म्हणून नाक मुरडले आणि ती गेली. पण त्याच पाऊणकीवर कोकणकिनाऱ्याचा माणूस भरतीची वेळ काढीत आला आहे. तिथीची पाऊणपट करा, तेवढ्या वाजता भरती पुरी. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. पक्ष शुद्ध असो वा वद्य. नंतर सहा-सव्वासहा तासांनी ओहोटी. म्हातारा तिथीमागे 45 मिनिटे धरतो, शास्त्र म्हणते चंद्राबरोबर भरती रोज सुमारे 50 मिनिटांनी मागे पडते. पाच मिनिटांचा फरक, जाळे टाकणाऱ्याला चालतो! आणि हा झाला दर्याच्या तोंडाचा हिशेब. पाणी नदीतून आत आमोण्यापर्यंत चढायला वेळ लागतो, म्हणून इथली भरती त्याहून उशिरा. किती उशिरा? काठावर एक खुणेची काठी रोवा, चौथीच्या वर्गाला घड्याळ द्या आणि पंधरा दिवस वेळ लिहून काढायला सांगा. अपूर्णांक झाला, घड्याळ झाले, तक्ता झाला, चंद्राच्या कला झाल्या. पैसा एक लागत नाही. मास्तरला कुणीतरी हे सुचवायला मात्र हवे, आणि ते सुचवू शकणारा माणूस तुमच्या घरात खाटेवर खोकत बसलेला आहे.

असे आणखी पुष्कळ आहे. खंडीचे वीस कुडव. मग साडेतीन खंडीचे किती? 1 जून ते 31 जुलै मच्छीमारीला बंदी. जूनचे 30, जुलैचे 31, मिळून 61 दिवस. घरखर्च दिवसाला 400 रुपये धरला तर बंदीच्या काळासाठी 24,400 रुपये आधी बाजूला टाकायला हवेत. हे गणित सोडवता सोडवता पोराला आपल्या आईची जून महिन्यातली चिंता कळेल. पुस्तकात आंबे वाटणारा कुणीतरी मुलगा असतो, त्याचे आंबे नेहमी समसमान वाटले जातात. आमच्यातल्या कुठल्या घरात वाटण्या अशा समसमान झाल्या आहेत?

आता परिसराचे पुस्तक. नदीचे उपयोग लिहा: पिण्यासाठी, धुण्यासाठी, शेतीसाठी. पोर भराभर लिहून मोकळे. मानस म्हणजे काय ते लिहिता येईल का विचारा. नदीकाठच्या ज्या गावांत खाजने आहेत तिथे विचाराच. मानशीचे दार ओहोटीला आपोआप उघडते आणि भरतीला पाण्याच्याच दाबाने आपोआप मिटते. वीज नाही, यंत्र नाही, वर बसलेला इंजिनिअर नाही. हे आपल्या पूर्वजांनी लाकडाचे आणि दगडाचे केले आणि खाऱ्या पाण्याच्या पातळीखालची जमीन पिकवली. तिथे कोरगूट लावला, जो खार सोसतो. आत पावसाचे गोडे पाणी, बाहेर खारे, मध्ये मातीचा बांध. पोराला कळले पाहिजे की बांधाला खेकड्याने पाडलेले एक भोक वेळीच बुजवले नाही तर उभे भात जाते. एका भोकात प्राणी, माती, पाणी, पीक आणि गावकी, सगळे धडे आहेत. पूर्वी हा बांध गावकरी सांभाळीत. 1964 च्या कूळकायद्याने कुळाला संरक्षण मिळाले, 1976 च्या दुरुस्तीने कूळ जमिनीचा मालक झाला, आणि बांधाची जबाबदारी कुळांच्या मंडळींवर आली. मालकी घ्यायला सगळे पुढे होते. बांधावर चिखल टाकायला किती जण जातात ते तुम्ही जाणता. चौथीच्या पोराने हा प्रश्न घरी विचारला तर काही बापांना घाम फुटेल. फुटू दे.

आणि नदी येते कुठून? पुस्तकात एका ओळीत उगम असतो. म्हादई उगवते ती बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात, सीमेपलीकडच्या आपल्याच मराठी माणसांच्या रानात. तिच्या पाण्याची वाटणी लवादाने 14 ऑगस्ट 2018 रोजी केली. कर्नाटकाला 13.42 टीएमसी, महाराष्ट्राला 1.33, गोव्याला 24. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट. हे आकडे वर्तमानपत्रात वाचून आपण कपाळाला हात लावतो, पण शंभर कोटींवर शून्ये किती, हे लिहून दाखवायला सांगितले तर आपण आणि पोर दोघेही अडखळू. दशांश चिन्हाचा धडा याहून चांगला कुठे मिळणार? वर पाणी अडले तर खाली खार किती आत चढेल, हा पुढचा प्रश्न पोरच विचारील.

खाणींचे तसेच. 2012 साली खाणी बंद पडल्या, मध्ये चालल्या, मार्च 2018 मध्ये पुन्हा थांबल्या. डिचोलीच्या किती घरांत चुली मंदावल्या! ट्रकाचे हप्ते, बार्जीवरचा पगार, गॅरेज, हॉटेल, सगळे एका साखळीत. घरातल्या पोराने हे डोळ्यांनी बघितले, आणि वर्गात मात्र 'आपल्याला खनिजे जमिनीतून मिळतात' एवढेच लिहिले.

आता भाषेची वही. कविता पाठ असेल, असू दे, कविता हवीच. पण शेजारी तुमचा एक-चौदाचा उतारा काढून ठेवा. नीट बघा, त्या कागदावर आजही मराठीत रकाने छापलेले आहेत: जिरायत, बागायत, आणि भातजमिनीचे खाजन, केर, मोरड. कुळाचा रकाना वेगळा, इतर हक्कांचा वेगळा. क्षेत्र हेक्टर, आर आणि चौरस मीटरमध्ये. चौथी पास झालेल्या पोराला हा कागद वाचता आला पाहिजे, आपल्या आजोबांचे नाव कुठल्या रकान्यात आहे ते बोट ठेवून दाखवता आले पाहिजे, आणि शंभर आरांचा एक हेक्टर होतो हे माहीत पाहिजे. नसेल तर चार वर्षे ते काय वाचायला शिकले? आपल्यातल्या किती माणसांची जमीन केवळ या कागदावरचा एक रकाना न वाचल्याने हातची गेली! वकिलाच्या पायऱ्या झिजवण्यापेक्षा चौथीत पंधरा दिवस घालवलेले काय वाईट?

इंग्रजीची वही शेवटी घेतो, कारण तुमची नजर तिच्यावर आधीच गेलेली आहे. इंग्रजी शिकायला आमचा विरोध नाही. होता असे कुणी सांगत असेल तर तो खोटे सांगतो. मराठी शाळेतही इंग्रजी हा विषय आहेच, आणि तो चांगला शिकवला जावा यासाठी मास्तरच्या मागे लागा. पण एक विषय म्हणून इंग्रजी शिकणे वेगळे आणि भात, नदी, हिशेब, सगळेच इंग्रजीतून शिकणे वेगळे.

याचा फरक तुम्हाला घरीच दिसेल. इंग्रजी शाळेच्या बशीतून उतरलेले शेजारचे पोर बोलावून विचारा, आज काय शिकलास? ते डोळे मिटून म्हणेल, पार्ट्स ऑफ अ प्लँट, रूट, स्टेम, लीफ, फ्लॉवर. आईबाप कौतुकाने बघतील. आणि तुम्ही? तीस वर्षे चिखलात उभे राहून तरवा लावलात, भाताचे मूळ कुजले की पान कुठल्या रंगाचे होते हे तुम्ही लांबून सांगता, लोंबी भरली की पोकळ गेली हे हातात न घेता ओळखता. तुम्ही गप्प! भाताच्या बाबतीत तुम्ही, आणि गप्प! पोर चुकले तरी तुम्हाला कळणार नाही, मास्तरने चुकीचे सांगितले तरी कळणार नाही. आठवड्यातून एकदा वहीवर लाल शाईचा शेरा येईल, तो वाचून घ्यायला तुम्ही शेजाऱ्याकडे जाल. वर शिकवणीची फी वेगळी. हळूहळू पोराच्या मनात बसेल की आपल्या बापाला काही येत नाही. ही शिकवण कुठल्याही पुस्तकात छापलेली नसते, पण पोर ती पहिल्यांदा शिकते आणि कधी विसरत नाही.

गावच्या शाळेची गोष्ट वेगळी आहे, ती चांगली आहे म्हणून नव्हे. ती पुष्कळदा वाईट असते. पण ती वाईट आहे हे तुम्हाला कळते! पोराची वही तुम्ही तपासू शकता, मास्तरला जाब विचारू शकता, तो थापा मारत असेल तर तोंडावर सांगू शकता. घरी आपण कोंकणी बोलतो, देवळात भजन मराठीत म्हणतो, पेपर मराठी वाचतो. मास्तर अडलेले कोंकणीत समजावतो आणि फळ्यावर मराठीत लिहितो. यात पोराची अडचण कधी झाली नाही. अडचण झाली ती पुढाऱ्यांची.

या पुढाऱ्यांविषयी दोन शब्द बोलल्यावाचून राहवत नाही. व्यासपीठावर मायबोलीच्या नावाने गळा काढणाऱ्यांची नातवंडे कुठल्या शाळेत जातात ते गावाला ठाऊक आहे. नावे घेत नाही, तुम्ही मनात घेतलीत तेवढे पुरे.

पण आपण त्यांच्यावर सगळे ढकलून सुटणार नाही. 6 मे 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयाने कर्नाटकाच्या खटल्यात निकाल दिला की प्राथमिक शाळेत मातृभाषेच्या माध्यमाची सक्ती सरकार करू शकत नाही. माध्यम निवडायचे पालकांनी. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्यात मातृभाषेची शिफारस आहे, 2020 च्या राष्ट्रीय धोरणातही पाचवीपर्यंत ती आहे. पण शिफारस म्हणजे शिफारस. म्हणजे शाळा ठेवायची की मोडायची हे आता मंत्र्याच्या हाती जेवढे, तेवढेच तुमच्या हाती आहे. भाऊसाहेब बांदोडकरांच्या राज्यात गावोगाव शाळा उघडल्या. भाटकाराच्या पोराबरोबर मुंडकाराचे आणि पाग्याचे पोर एका बाकावर बसले, आणि त्याच पिढीतून मास्तर, कारकून, नर्सा, पंचसदस्य निघाले. त्या शाळा सरकारने एका फटक्यात बंद केल्या नाहीत. आपण एकेक पोर काढून नेले. पट घसरला, मग सरकार म्हणाले, दोन शाळा एक करू.

पोर काढणाऱ्या पालकाचे म्हणणे आम्ही ऐकलेले आहे. तो म्हणतो, शाळेत एकच मास्तर, तो चार वर्गांना काय शिकवणार? त्याचे खोटे नाही. गोव्यातल्या पुष्कळ सरकारी प्राथमिक शाळांना एकच शिक्षक आहे. हिशेब मांडा. कायद्याने पहिली ते पाचवीला वर्षात 200 दिवस आणि 800 तास शिकवायचे, म्हणजे दिवसाला चार तास. चार वर्ग आणि मास्तर एक, म्हणजे वर्गाला एक तास. त्या तासात मराठी, गणित, परिसर, इंग्रजी असे चार विषय धरले, तर विषयाला पाव तास. त्यातच माध्यान्ह आहाराची नोंद, वरून आलेले तक्ते, मतदारयाद्यांचे काम आणि मीटिंगा. पाव तासात चौथीला अपूर्णांक शिकवून तिसरीकडे वळणाऱ्या मास्तरला मांडवीच्या काठावर पोरे न्यायला सांगणारे आम्ही कोण, असे कुणी विचारील. बरोबर विचारील.

पण त्याच कायद्याच्या अनुसूचीत लिहिले आहे की पट साठपर्यंत असला तरी दोन शिक्षक हवेत. दहा पोरे असली तरी दोन. दुसरा शिक्षक ही मेहेरबानी नव्हे, तो तुमचा हक्क आहे. आणि शाळा व्यवस्थापन समितीत निदान पाऊण हिस्सा सदस्य पालक असले पाहिजेत, निम्म्या सदस्य बायका असल्या पाहिजेत, आणि शाळेच्या विकासाचा आराखडा त्या समितीने करायचा आहे. बघा, पाऊणकी इथेही आली! चारांत तीन तुम्ही. मग समितीच्या सभेला चहा पिऊन सही करून का परत येता?

तेव्हा पुढच्या सभेला मोकळ्या हाताने जाऊ नका. पोराची गणिताची आणि परिसराची वही बरोबर न्या. एक-चौदाचा उतारा न्या. ज्या म्हाताऱ्याला तिथीवरून भरती सांगता येते त्याला हाताला धरून न्या, आणि महिन्यातून एक सकाळ त्याला वर्गात बसवायचे असे आराखड्यात लिहून घ्या. मानस दुरुस्त करणारा सुतार, जाळे विणणारी बाई, पंपावरचा मेकॅनिक, बार्जीवर उमर काढलेला खलाशी, प्रत्येकाला एकेक सकाळ द्या. त्या वेळेत मास्तर उरलेल्या तीन वर्गांना नीट शिकवील. दुसऱ्या शिक्षकासाठी शिक्षण खात्याला अर्ज करा, समितीचा ठराव जोडा, पोच घ्या. अर्ज मराठीत लिहा आणि उत्तर मराठीतच मागा. 1987 च्या कायद्याने मराठीला सरकारी कामात जी जागा दिली आहे ती वापरल्याशिवाय कागदावरच राहते.

अर्जाचा मसुदा कुणी लिहायचा, म्हणता? चौथीच्या वर्गाला सांगा. पत्रलेखन त्यांना आहेच.